चुंबकाच्या खोलीत गेलेला खिळा

नाही हो, मशीन बिघडलेलं नाही, मीच ते तासभर बंद पाडलं होतं — आता चालू आहे, बसा. आत आमची मिकेलिना आहे, तिचा एमआरआय झाला की तुमचा नंबर. काय झालंय? विसरण्याचा आजार — म्हणजे अजून ठरायचंय, त्यासाठीच तर — बघा, आजाराचं नाव काढलं आणि तुमचा हात गेला बाकाच्या पायाकडे. लाजू नका, लोखंडच आहे ते. आपलं अख्खं सालेर्नो शहर अशा वेळी अशुभ टळावं म्हणून लोखंडाला हात लावतं, मग आमच्या बायकोनंच काय पाप केलंय? मी तिच्या रुमालात घोड्याच्या नालेचा खिळा बांधून दिला. एवढासा. आत चुंबक आहे, लोखंड नको, असं नर्सबाई ओरडून सांगत होत्या — पण शकुनाला कुणी लोखंड म्हणतं का? मी काचेतून बघत होतो. खिळा उडाला तो थेट मशीनला चिकटला. डॉक्टर इम्पारातो धावले, तर त्यांच्याच कोटाचा खिसा पुढे ताणला गेला, साखळी ओढणाऱ्या कुत्र्यासारखा — आत काय? गंजकी लोखंडी किल्ली. जर्मनीत शिकून आलेला माणूस. म्हणे, दवाखान्याची किल्ली आहे. असेल, असेल.

पूर्वी बरं होतं, मशीन नुसती चित्रं काढायचं — इथे गाठ, तिथे सूज. आता म्हणे मेंदूचा कुठला कोपरा जागा होतो तेही दिसतं. आत झोपवून फोटो दाखवतात. कुणाचे? आमच्या लग्नाचे. ओळखीचा चेहरा दिसला की कोपरा उजळतो. एवढी वर्षं संसार केला मी, आणि तिच्या डोक्यात माझी जागा कुठली ते सांगणार इम्पारातो. तिनं केलं काय, तर कॉफीचं भांडं पाणी न घालता गॅसवर ठेवलं. एकदाच. बरं, रोज. पण नवी भांडी मी आणतोय ना, सरकार नाही आणत.

खिळा शकुनासाठीच हो. म्हणजे — मशीन अडलं असतं, आज राहू द्या म्हणाले असते, तर काय बिघडलं असतं? फोटोत मी हसतोय आणि तिच्या डोक्यात अंधारच राहिला, तर तो पडदा कुणी बघायचा? तुम्ही बघाल?

थांबा, दार उघडलं. मिकेलिना, इकडे. अगं इकडे, मी ह्या बाजूला — ते नाही, ते दुसरेच गृहस्थ आहेत, त्यांचा हात सोड —

नका उठू हो. राहू द्या हात. हसतेय ती. बसा तसेच, आणि तोंडातून शब्द काढू नका.