हजाराच्या पलीकडे

(आर. के. पुरममधलं सरकारी क्वार्टर. सकाळ. बांधून ठेवलेली खोकी, एक टेबल, एक रिकामी खुर्ची.)

तनया : बाबा, टेम्पोवाला खालून दोनदा ओरडून गेला. चावी आज द्यायचीय आणि तुम्ही अजून आईची वही घेऊन बसलात.

विष्णू : ९,९९,९८३ संपला की निघायचं, असं ठरलंय आपलं. हॉस्पिटलात तिने शेवटची हीच संख्या काढली होती. मूळ संख्या आहे का, एवढंच बघायचं होतं तिला.

तनया : बाबा यार, गुरुग्रामला बसून नाही का होणार भागाकार?

विष्णू : भागाकार मी करतच नाही. तीस वर्षं एका ऑफिसात होतो आम्ही. प्रभावती आकडेमोड करायची, मी तपासून हिरवी टिक करायचो. टिक झाल्याशिवाय बाई खुर्चीतून उठायची नाही. लंच निघून जायचा.

तनया : आई जाऊन सहा महिने होतील आता.

विष्णू : आणि रोज सकाळी वहीत एक भागाकार असतो. दोनने, तीनने, पाचने, सातने. एकानेही पूर्ण भाग गेलेला नाही.

तनया : ते... मी लिहायचे. तुम्ही जेवत नव्हता, अंथरुणातून उठत नव्हता. आईसारखं अक्षर काढून लिहिलं. सॉरी.

विष्णू : ५४१ पर्यंत तू. माहीत आहे. ती सातच्या पोटात रेघ मारायची, तू विसरायचीस.

तनया : तरी टिक करत राहिलात?

विष्णू : बाकी बरोबर होती ना.

तनया : अच्छा. मग मी नोकरीसाठी गुरुग्रामला गेले, तेव्हापासूनचे तुम्हीच लिहिले असणार.

विष्णू : ५४७ पासून बघ. प्रत्येक सातला रेघ आहे. काल ९९१ झाला. भागाकार १००९, बाकी ६४.

तनया : बाबा, मला भीती वाटतेय.

विष्णू : मलाही वाटायची. आता हे रोजचं गणित संपेल याची वाटते. आज ९९७, शेवटचा. हजाराचा वर्ग दहा लाख. या संख्येला अवयव असते, तर एक तरी हजाराच्या आत सापडलाच असता. त्यापुढे भागायची गरजच नाही. पान तू उघड. माझ्याने होत नाही.

तनया : ९९७... बाकी ९८९. मूळ संख्या आहे, बाबा. झालं. चलो, मी आहे ना.

विष्णू : खाली काही आहे?

तनया : आहे. १००९. भागाकार ९९१, बाकी ६४. हे तर कालचंच, उलटं करून.

विष्णू : हजार ओलांडलं की कधी कधी मागचंच उलटं होऊन भेटतं. हे तिला माझ्याआधी कळायचं. गरज नसलेलं एक गणित तिने जन्मात केलं नाही.

तनया : मग हे कशाला केलं? नका ना असं बघू. हे घ्या हिरवं पेन, टिक करा आणि निघू. खुर्ची तेवढी खाली न्यायची राहिलीय.

विष्णू : पेन खोक्यात टाक. आणि खुर्चीला हात लावू नकोस, अजून टिक झालेली नाही.