मी आपला पाय उचलूनच ठेवते

…आणि वर मलाच विचारतोय तो ईरप्पा मेस्त्री, "अक्का, क्लचवर पाय ठेवून गाडी कोण चालवायलंय?" आता तुमीच सांगा, अख्ख्या भवानी पेठेत असं विचारायची कुणाची छाती झाली असती का? आणि ते मला, चंद्रव्वाला? जी कुठल्या क्लासला गेली न्हाई, कुणाला 'जरा शिकीव की' म्हणाली न्हाई, आणि नातवंडं व्हायच्या वयात एकटी मोकळ्या मैदानात जाऊन गाडी शिकली, तिला? पहिल्या दिवशी गाडी बाभळीत घातली. दुसऱ्या दिवशी त्याच बाभळीतनं मागं काढली, म्हणजे रिव्हर्सबी शिकून झालं. तर मी ईरप्पाला तोंडावर सांगितलं, "बाबा, दुसऱ्याचं मला ठाऊक न्हाई. मी आपला पाय उचलूनच ठेवते."

बस की गं मथुराबाई, उठायलीस कुठं? दूध उतू गेलं तर जाऊ दे. तूच तर ऐकायला पाहिजेस. चंद्रव्वाच्या सुनेनं गाडीची वाट लावली, हे गल्लीभर कोण वाटून आलं? तूच ना? रागवत न्हाई गं. तुला सांगितलं कुणी? मीच.

तर सुरवातीपासनं सांगते. आमची गाडी जुनी, मल्लेशचं लग्न व्हायच्या आधीची. हिच्या क्लचला तार न्हाई, तेल हाय. पायडल दाबलं की तेल नळीतनं पुढं ढकललं जातंय, आणि त्या तेलाच्या जोरावर खाली क्लच सुटतोय. हे मला कुणी शिकवलं न्हाई, बॉनेट उघडून नळीचा माग काढत काढत माझं मीच शोधलं. आणि सृष्टीला, माझ्या सुनेला, गाडी शिकवली तीबी मीच. मंद्रूपच्या शाळेत मास्तरीण हाय ती. म्हटलं, एस्टीच्या दांड्याला लोंबकळत कशाला जातीस, घरची गाडी धूळ खायलीय. आणि पहिला धडा काय दिला असंल मी? "सृष्टी, गिअर पडला की डावा पाय बाजूला. माझ्याकडं बघ. मी आपला पाय उचलूनच ठेवते." ती वाकून खाली बघायची आणि गप्प बसायची. मला वाटायचं, पोरगी मन लावून शिकायलीय…

आणि एक दिवस मंद्रूपहून येताना, विजापूर रोडवर, पुढं उसाची ट्रॉली, मागं कंटेनर, हिनं क्लच दाबला तर पायडल खाली गेलं ते गेलंच. वर येईना. पोरीनं पायाचा चवडा खाली घालून ते वर ओढलं, परत दाबलं, परत खाली. गिअर पडंना, गाडी बंद पडली मधोमध, आणि मागचा कंटेनरवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. रस्त्यावरच्या चार माणसांनी ढकलून कडेला घेतली म्हणून बरं. घरी आली तेव्हा तोंड पांढरंफटक. आणि आमचा मल्लेश, माझ्या पोटचा, बायकोला काय म्हणावं? लागलं का? न्हाई. भ्यालीस का? न्हाई. "क्लचवर पाय ठेवून चालवत असशील. गाडी काय फुकट आलीय का?"

मी तिथंच होते की. शेंगाची चटणी कुटत होते. आता तुमी म्हणाल, चंद्रव्वा, तू नवऱ्याला दबली न्हाईस, सासऱ्याला दबली न्हाईस, मग तवा तोंड का उघडलं न्हाईस? काय सांगू… आत कुठंतरी काहीतरी टोचलं होतं. खरं टोचलं होतं. म्हणून मी काय केलं? जोरात कुटायला लागले.

मल्लेशनं चावी स्वतःच्या खिशात घातली. ईरप्पा गाडी बघून, मला ते विचारून गेला, पण त्याला पार्ट मिळंना, गाडी अंगणात कापड पांघरून पडलेली, आणि सृष्टी रोज एस्टीनं. संध्याकाळी दारात सँडल काढायची, पाय हे असे सुजलेले. आणि मी तिला चहा द्यायची, आलं जरा जास्त घालून. आल्यानं काय होतंय, सांगा? ती म्हणायची, "अत्ती, चहा लई भारी झालाय." तिनं तसं म्हटलं की मी माझा कप तसाच ठेवून आत जायची. आणि तरीबी, बरं का, तू खिडकीतनं विचारलंस, मथुराबाई, "गाडी का बंद हाय गं?", तर मी काय बोलून बसले? "आताच्या पोरींना पाय कुठं ठेवायचा कळत न्हाई. मी आपला…" जाऊ दे.

शेवटी पार्ट आला. रविवारी गाडी ओढत नेली ईरप्पाच्या गॅरेजला. मी, मल्लेश, सृष्टी. ईरप्पानं पायडलमागचा तेलाचा सिलेंडर उघडला, आतलं वायसर सारखं दाबून दाबून झिजून चिंधी झालेलं, पायडलचा बुश ढिला पडलेला. सगळं नवं घातलं. पण नळीत हवा शिरली की नुसतं नवं घालून भागत न्हाई, ती हवा काढावी लागतीय. त्याला एक माणूस गाडीखाली लागतंय आणि एक पायडलवर. ईरप्पाचा माणूस जत्रेला गेलेला. मी म्हटलं, "सरका. मी बसते."

चप्पल बाहेर काढली. दसऱ्याला जिची आपण पूजा करतो, तिच्यात मी चप्पल घालून बसत न्हाई, पहिल्यापासनं. ईरप्पा खालनं ओरडतोय, "मारा अक्का… मारा… मारा… आता धरा. सोडू नका." मी धरलं. सृष्टी दार उघडून बॅटरी धरून उभी. मल्लेशनं तिला सांगितलं होतं, "उजेड दाव, तेवढं तरी जमंल का?" तर तिनं उजेड पाडला पायडलवर. मी खाली बघितलं…

पायडलच्या रबरावर दोन चर. बारीक, खोल, शेजारी शेजारी. आणि त्या चरांत, मापानं करून बसवावीत तशी, माझी जोडवी बसलेली. आईनं घातलेली, जाड चांदीची, जन्मात कधी काढली न्हाईत. सृष्टीची जोडवी असतात सँडलच्या आत. तिच्या बोटाचा त्या रबराशी कधी संबंधच आला न्हाई.

आणि बघा दैवाची गंमत. इतकी वर्षं ज्या पायाला मी उचललेला समजत होते, तो आज खरोखर उचलावा, पदराखाली लपवावा, असं झालं मला. आणि खालनं तो ईरप्पा, "सोडू नका अक्का, दाबून ठेवा, अजून हवा येतीय." मी दाबून बसले. ती बघत होती. मी बघत होते. मग तिनं बॅटरी हळूच दुसरीकडं फिरवली.

एवढ्यावर सुटले असते. पण ईरप्पानं नवं रबर चढवलं आणि जुनं उलटंपालटं करत म्हणतोय, "मायला, ह्याच्यावर हे चर कसले?" मल्लेशनं हात पुढं केला. तेवढ्यात सृष्टीनं ते ईरप्पाच्या हातातनं घेतलं आणि पर्समधे टाकलं. "शाळेत पोरांना दाखवीन." मल्लेश हसला. "दाखव, दाखव. पाय कुठं ठेवू नये ते शिकीव त्यांना." तिनं पर्सची चेन लावली.

ती भांडली असती ना, तर मी भांडून जिंकले असते. माझ्याशी भांडून आजवर कोण जिंकलंय? पण ही गप्प बसून माझा पाय झाकायलीय…

मी म्हटलं, "मल्लेश, चावी तिला दे."

"अव्वा, तू मधे पडू नको. परत वाट लावंल ती."

"सृष्टी, काढ ते रबर."

"अत्ती, राहू द्या की."

"काढ म्हणते."

आणि ईरप्पाच्या लाकडी स्टुलावर, चार गिऱ्हाइकं उभी असताना, ठेवला मी पाय. शेजारी रबर. जोडवी आणि चर, माप एकच. ईरप्पा हात पुसत पुसत वाकला, बघितलं, सरळ झाला. "अक्का, तुमी तर म्हणायलता की…"

"काय म्हणत होते ते ठाऊक हाय मला. तू बिल कर."

मल्लेशनं चावी दिली. खाली मान घालून दिली. त्यानं तिला काय म्हणायचं ते घरी म्हणावं, ते मी ऐकणार न्हाई. माझं मी म्हणते, तुमच्या सगळ्यांसमोर. सृष्टी तिथं दारात उभी हाय, ऐकू दे. तिची चूक नव्हती. मथुराबाई, जा आता, हेबी गल्लीभर वाट. बघू, किती चटचट वाटतीस.

आता गाडी ती चालवते, मी शेजारी बसते. पहिल्याच दिवशी स्पीडब्रेकर आला, माझा डावा पाय आपोआप खाली दाबला गेला, नुसत्या पत्र्यावर. ती म्हणाली, "अत्ती." एवढंच. तवापासनं मी सीटवर सरळ मांडी घालून बसते. गुडघे दुखतात. पण आता कुणीबी विचारावं, छातीवर हात ठेवून सांगते, मी आपला पाय उचलूनच ठेवते.