सासूबाईंची मांडी

गोवराची लस टोचून घ्यायला दवाखान्यात रांग लागली होती. शिंपीकाकांच्या पुढे दोघी जावा उभ्या होत्या. थोरलीच्या कडेवर बाळ होतं, धाकटी नुसती सोबतीला आलेली. काकांनी झोपलेली नात दुसऱ्या खांद्यावर घेतली, म्हणजे अलीकडचा कान मोकळा झाला.

"तुझी छकुली कुठंय?"

"सासूबाईंकडे. खाली ठेवतच नाहीत तिला."

"ठेवतील कशाला! माझ्या सोन्याला मात्र दारातूनच टाटा."

"ताई, शेजारच्या दोघा मुलांना गोवर निघालाय. घाबरल्यात त्या."

"कोवळ्या जिवाला सुया टोचू नका, हे कोण म्हणालं होतं? त्याच ना? मी ऐकलं. तू माहेरी जाऊन गुपचूप टोचून आलीस."

"तुम्हालाही चला म्हटलं होतं."

"म्हटलंस. पण तेव्हा घरात मी शहाणी होते आणि तू आगाऊ."

"आणि आता?"

"आता तू शहाणी, आणि मांडीही तुझ्याच पोरीची."

"पुढचं बाळ आणा!" आतून नर्सबाई ओरडल्या.

"द्या इकडे, मी धरते. तुम्हाला सुई बघवत नाही."

"नको. तू धरलंस तर तूच टोचून आणलंस असं होईल."

"मी कुणाला सांगणार नाही, ताई."

"तू नाही गं. सासूबाई सांगत सुटतील."

थोरली आत गेली. क्षणभरानं बाळानं भोकाड पसरलं, आणि त्यापेक्षा मोठ्यानं तिचा आवाज आला,

"अगं, सासूबाईंना फोन लाव आणि इकडे आण! लवकर, नाहीतर रडायचं थांबेल तो!"