चार मफलर आणि एक नंदीकोल

हॅलो?… हॅलो! कोण बोलतंय?… अगं बाई, महालिंगअण्णा! शरणार्थ, शरणार्थ. म्या सिद्धम्मा… अहो वरडू नका, सोलापुरातनं हितं धाराशिवला बिनफोनाचं बी ऐकू येतंय.

विरुपाक्ष? बरा हाय की तुमचा लेक… न्हाय, निजल्याला न्हाय… अंगात? सदरा… मफलर? कुठला, चारीतला? अहो, तुमचं गाठोडं करोडगिरीच्या नाक्यावर शिपायांनी सोडून बघितलं. एका पोराला चार मफलर! त्यांना वाटलं, सोलापूरचा कापडवाला निजामाच्या मुलखात चोरून माल घुसवतोय…

आँ? कुणी सांगितलं?… तुमच्या दुकानातल्या उत्तरेश्वरनं? मेल्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाय… व्हय, खरं हाय. जातोय मठात, पालखीम्होरं चालणारी नंदीकोलाची उंच, जड काठी धरायला… अण्णा… अण्णा, ऐका तरी! दमा हाय, ठावं हाय मला. कोल कमरेला लावतोय, दमा काय वाटंत टाकून आला न्हाय…

हकीमसाहेबांना इचारलं की! ते म्हणले, हळूहळू वाढवा, धाप लागली की बसवा, पण गादीवर लोळवू नका…

काल? व्हय, लागली धाप. बसला पुढं वाकून, हकीमसाहेबांचा काढा प्याला. छाती मोकळी झाल्यावरच उठला… कोल? तवर दुसऱ्यानं धरला. तशीच रीत हाय ना अण्णा! दम संपला की दुसऱ्याच्या कमरेला द्यायचा. त्यो रेवणसिद्ध, नुसता रेडा, त्यो बी चौकापर्यंत दोनदा बदलतो. तिथं धापायची लाज न्हाय कुणाला…

हितं आला तवा भिंतीकडं तोंड करून बसायचा. म्हणला, "आत्या, घरात मी लोणच्याची बरणी हाय. फडक्यानं बांधून फडताळात ठिवलेली."… लई वाईट वाटलं मला, अण्णा. त्या रातीला भाकर गेली न्हाय…

उद्याच्या मोटारीनं? न्यायला?… या की. तुमचा लेक हाय. पण सोमवारी पालखीम्होरं कोल निघतोय, चौकातनं त्याची पाळी हाय. "पाळी सोड" म्हणून तुमीच सांगा त्याला. मला जमायचं न्हाय…

थांबा, आलाच. विरुपाक्षा! आप्पांचा फोन हाय. काय रं, दात काढाया काय झालं?… अण्णा, ऐकताय नव्हं?… न्हाय हो, खोकला कसला! हसतोय त्यो. रेवणसिद्धाचं धोतर सुटलं म्हणं, कोल धरताना… व्हय, आपलाच विरुपाक्ष…

आँ? फोन त्याच्याकडं धरू? हसणं ऐकायचंय?… धरते, ऐका…

काय म्हणता? सोमवारी? न्यायला का बघायला?… बरं… आँ? कोल? तुमी धरणार? दुकानाचा जिना चढताना धापता की तुमी!… बरं बरं, धरा. दम संपला की विरुपाक्षाच्या कमरेला द्या.

ठिवते. अन् मफलर आणू नका!