गेटवरची भाऊबीज

डोंबिवलीत सिनेमाच्या मध्यंतरात, पॉपकॉर्नच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

"आई, कसा वाटला व्हॅम्पायर?"

"रक्तपित्या असला तरी गुणी आहे गं. हिरॉइनच्या दाराशी झुरतो, पण आत शिरत नाही."

"घरातल्यांनी बोलावल्याशिवाय त्यांना येताच येत नाही."

"अगंबाई!"

"आपल्या करिश्माताईंचंही तसंच. पळून लग्न केलं तेव्हापासून दर भाऊबीजेला शहाडहून येतात आणि ह्यांना बिल्डिंगच्या गेटवरच ओवाळतात."

"गेटवर? मला बोलली नाहीस कधी!"

"तिचं नाव काढायचं नाही, असं तुम्हीच म्हणालेलात."

"कशी दिसते गं आता?"

"तुमच्यासारखीच. ओवाळताना लक्ष सगळं तुमच्या खिडकीकडे."

"फोन लाव तिला."

"आत्ता? पिक्चर सुरू होईल, आई."

"होऊ दे. दे इकडे... करिश्मा? आई बोलतेय. यंदा ओवाळायला वर ये. जावयांनाही आण."