एका चुलीची माणसं

(पनवेलच्या बाजारपेठेतला दवाखाना, १९५६ सालचा हिवाळा. आत डॉक्टर दिनानाथ, उलव्याच्या मिठागरावरची भामा आणि तिची सून वेणू. बाहेर बैलगाडीपाशी भामाचे थोरले दीर काशिराम.)

डॉक्टर : ते राहू द्या हो भामाबाई. तिच्या माहेरी कोणाला काय झालं होतं ते मागाहून ऐकतो. आधी एवढंच सांगा, तिला शौचावाटे रक्त पडतं, हे खरं ना?

भामा : आता खोटं कशाला बोलू, डॉक्टरसाहेब? दिवाळीच्याही आधीपासून पडतंय. पहाटे आमी बाया बांधापलीकडं जातो, तवा ही मागं राहते. मी थांबते तिच्यासाठी. माज्या डोळ्यांनी बघितलंय.

डॉक्टर : मग दोन्ही वेळा तुम्ही तपासायला पाठवलेल्या शौचाच्या डब्यात रक्ताचा टिपूसही कसा नाही? भिंगाखाली आवेचे जंतू दिसले, म्हणून मी आवेची इंजेक्शनं दिली. सगळी देऊन झाली. पुन्हा डबा मागवला, तर जंतू जसेच्या तसे, आणि रक्त तेव्हाही नाही. इकडे पोरगी बघा, हातापायांच्या काड्या झाल्यात.

भामा : त्या सुयांनीच वाळली ती. सुई घेतली का छातीत धडधड, उभी राहिली का डोळ्यांपुढं अंधार. मिठागरावरच्या बाया मला विचारतात, भामे, सून आणलीस का दुखणं आणलंस? मी म्हटलं, तुमची तोंडं आवरा, माजी सून हाय, मी बघून घेईन. असं म्हटलं खरं. पण घरात माजं कोण ऐकतो?

डॉक्टर : घरात काय म्हणतात?

भामा : भावजी म्हणतात, हा क्षयच. तुमच्या कंपाउंडरनं त्यांना सांगितलं, हिचं रक्त नळीत भराभर खाली बसतं. आमच्या आळीतल्या तुळशीरामचं तसंच बसलं होतं, आणि तो क्षयानं गेला. झालं. भावजींनी काल सगळ्यांना समोर बसवलं, म्हणाले, पोरीला नेऱ्याला तिच्या बापाकडं पोचवू, महादेवासाठी दुसरी बघू. माजा लेक, तिचा नवरा, खाली मान घालून बसला. हिचं गाठोडंसुद्धा गाडीत टाकलंय, डॉक्टर. इथनं गाडी उलव्याला जाते का नेऱ्याला, ते तुमच्या बोलण्यावर हाय.

डॉक्टर : कंपाउंडरला मी नंतर बघतो. ती नळी क्षयाचं नाव सांगत नाही, बाई. रक्त उभ्या नळीत ठेवायचं आणि तासाभरात त्यातला तांबडा भाग किती खाली बसला ते बघायचं. भराभर बसला तर अंगात कुठेतरी दाह आहे, एवढंच कळतं. कुठे, कशाचा, ते दुसरीकडून शोधायचं. हिच्या छातीचा फोटो स्वच्छ आहे, खोकला नाही. आणि नुसत्या आवेनं रक्त सहसा इतकं भराभर बसत नाही. म्हणजे रक्त एक सांगतंय आणि डबा भलतंच. रक्त तर मी स्वतः हिच्या दंडातून काढलं. डबा कोणी आणला?

भामा : भावजींनी. पनवेलला मीठ घेऊन येतात ना, तवा.

डॉक्टर : आणि भरला कोणी?

भामा : भरला म्हणजे... घरचाच.

डॉक्टर : वेणू, तू सांग. इतके दिवस तुझं दुखणं मी तुझ्या सासूला विचारत आलो, हे चुकलंच माझं. डबा तू भरलास?

वेणू : आये सांगतील.

डॉक्टर : मी तुला विचारतोय.

वेणू : नाय. मी नाय भरला.

भामा : तिला रागावू नका. मी भरला. दोन्ही वेळा.

डॉक्टर : तुम्ही?

भामा : ऐकून तर घ्या. डबा नेणार कोण, तर भावजी. हिचे थोरले चुलतसासरे. त्यांच्यापुढनं जाताना ही पोर अंग चोरून जाते, आवाज निघत नाय तिचा. त्यांच्या हातात आपला तसला डबा जाणार म्हणून समोर ठेवून रडत बसली. म्हटलं, उगी, मी करते काय ते. नाव हिचंच सांगितलं, पण आतलं आपलं नाय, एवढं तरी हिच्या मनाला बरं. आणि एका चुलीवरचं खातो, एका विहिरीचं पितो. हिच्या पोटात जातं तेच माज्या पोटात. बाहेर पडणार ते वेगळं काय पडणार? दुसरं काय माज्या मनात आलंच नाय.

डॉक्टर : म्हणजे ते जंतू तुमचे.

भामा : माजे?

डॉक्टर : पोटात कळ येते तुमच्या?

भामा : येते. कोणाच्या येत नाय? ओवा खाल्ला का बसते.

डॉक्टर : तुमच्या दुखण्याची इंजेक्शनं हिला टोचली मी. ते औषध जहाल असतं, हृदयावर येतं. धडधड उगीच नव्हती होत.

भामा : अग वेणू. तुला ठाऊक होतं ना डबा कोणाचा ते? सुया टोचून घेत राहिलीस, बोलली का नाय?

वेणू : तुमी माज्यासाठी केलं होतं. बोलले असते तर घरात तुमच्यावर आलं असतं.

भामा : मेली असतीस ना ग माज्यापायी.

डॉक्टर : ते आता पुरे. मला ताजं तपासायला हवं, आजच. मागच्या अंगणात संडास आहे. वेणू, जमेल?

वेणू : डबा कोण नेणार?

डॉक्टर : कोणी नाही. तू खिडकीत ठेव, मी स्वतः उचलेन.

वेणू : मग जमंल.

भामा : त्यातनं कळंल, काय झालंय ते?

डॉक्टर : नक्की नाही कळणार. मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होतात, असं एक दुखणं आहे. मला त्याचा संशय आहे. त्याचा जंतू नसतो, की हा बघा म्हणून भिंगाखाली दाखवला. खुणा जुळवाव्या लागतात. रक्त-पू आहे पण आवेचे जंतू नाहीत, अंगात दाह आहे, छाती स्वच्छ आहे. एवढं जुळलं तर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं. तिथे नळी घालून आत बघतात.

भामा : बरी होईल?

डॉक्टर : दुखणं दबतं, पुन्हा उठतं. तुम्हाला फसवणार नाही मी. पण ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आणि क्षय मला तरी वाटत नाही. काशिरामांना आत बोलावतो, मीच सांगतो.

भामा : नको. तुमी सांगितलंत तर म्हणतील, भामीनं डॉक्टरांपुढं डोळ्यांत पाणी आणलं. डबा माजा होता, मीच सांगते.

वेणू : आये, तुमी त्यांच्यासमोर कधी बोलला नाय.

भामा : लगीन होऊन आले तवापासनं नाय. जे काय ते दाराआडनं. मला काय भीती वाटत नाय होय? बाजूला सर, दार उघडू दे.

वेणू : आये...

भामा : भावजी. मी बोलते, भामा. इकडं बघा. ते दोन्ही डबे माजे होते. दुखणं माज्या पोटातलं आणि सुया या पोरीनं खाल्ल्या. डॉक्टर म्हणतात, क्षय वाटत नाय. काय हाय ते मुंबईला दाखवावं लागंल, मी जाईन तिच्यासंगं. गाडी नेऱ्याला जायची नाय. बैलांची तोंडं घराकडं करून ठेवा, आमी दोघी येतो.

वेणू : आये, पदर खाली आलाय तुमचा. ते बघतायत.

भामा : राहू दे. तू डबा घे.