दाताखालची लवंग

संस्थेचे अध्यक्ष माननीय विश्वजितराव, व्यासपीठावरची विश्वस्त मंडळी, वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी हा हारतुऱ्यांचा खटाटोप चाललाय त्या आमच्या वर्षाराणी मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या मंगळवारच्या मंडळींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘एका रुग्णाच्या पत्नी’ अशी करून दिली. खरं आहे ते. पण मी शालन चौगुले, छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत बाई होते, हेही सांगून ठेवते. पुढं जे घडलं त्यात त्या बाईचा हात आहे. मला पाच मिनिटं दिलीत. अध्यक्षसाहेबांनी आत्ताच घड्याळ बघितलं, तेही मी पाहिलं. बघू द्यात.

आमचे हे, बाळासो चौगुले, मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारायचे. ह्यांनी तोंड उघडलं की पलीकडच्या गाळ्यातला माणूस हातातला चहा खाली ठेवायचा, असा आवाज. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, बोलणं तेवढं गेलं. आत सगळं कळतंय, पण शब्द ओठावर येत नाही. घरी येणारे पै-पाहुणे ह्यांच्याशी मोठ्यानं ओरडून बोलायचे, जणू कान गेलेत! आणि मग माझ्याकडं वळून विचारायचे, “काय म्हणत्यात वो?” मी सांगायची. चहा पाहिजे म्हणत्यात. पडायचंय म्हणत्यात. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, बाईला नवऱ्याच्या मनातलं कसं कळतं बघा! मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

मग गेलेलं बोलणं परत शिकवणारा मॅडमचा हा मंगळवारचा वर्ग सापडला. आठ खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि आम्हा नातेवाइकांना भिंतीकडेचा बाक. पहिल्याच दिवशी मॅडमनी आमच्या हातावर एकेक लवंग ठेवली. म्हणाल्या, “ही दाताखाली धरायची. चावायची नाही आणि बोलायचं तर अजिबात नाही. इथं कुणाचं वाक्य कुणी पुरं करत नाही.” मला असा राग आला म्हणून सांगू! माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या पोरींएवढी पोरगी, आणि मला गप्प बसवते?

त्या दिवशी कोडोलीचा ज्ञानू आपल्या लेकीचं नाव सांगायला उभा राहिला. दूध संकलनात काम करणारा तरणा गडी, त्यालाही असाच झटका आलेला. नऊ मिनिटं लागली. नऊ मिनिटं कुणी खोकलं नाही, मान खाली घातली नाही, मदत केली नाही. आणि मग आलं, “शिवानी.” ज्ञानू ढसाढसा रडला. गडहिंग्लजच्या पलीकडून एसटी बदलून येणारी यल्लव्वा, आजारानंतर जिच्या तोंडी फक्त कानडीच उरली होती, तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली, “चलो आत, तम्मा!” छान झालं रे धाकल्या, म्हणून. तिच्याशी बोलता यावं म्हणून मॅडम कानडी शिकल्या होत्या. हे त्यांच्या मानपत्रात नाही, म्हणून सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात आमचे हे माझ्याकडं बोट करून म्हणाले, “शालन.” लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. तोवर मला ‘अगं’ सोडून दुसरी हाक माहीत नव्हती.

आता फेब्रुवारीतलं सांगते. ह्याच सभागृहात बैठक होती. अध्यक्षसाहेबांनी जाहीर केलं की वर्गाची खोली आरोग्य तपासणीच्या काउंटरसाठी लागणार, बोलण्याचे व्यायाम इथून पुढं मोबाईलवर मिळतील. वा! तो मोबाईल आम्ही बघितलाय. शब्द यायला जरा उशीर झाला की ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतो. त्याच्यापेक्षा घरचे पाहुणे बरे. मग साहेब मोठ्या प्रेमानं म्हणाले, “चौगुले काका, तुम्ही वर्गात सगळ्यांत वडीलधारे. सगळ्यांच्या वतीनं दोन शब्द बोला.”

हे उभे राहिले. म्हणाले, “आमचं...” आणि थांबले.

त्या दिवशी मी बाकावर नव्हते. पहिल्या रांगेत होते, चांगलं लुगडं नेसून, पाहुण्यांच्या शेजारी. दाताखाली लवंग नव्हती. कुणीतरी मोबाईल वर धरला. एक पाहुणे हसले. आणि अध्यक्षसाहेब, तुम्ही ह्यांच्याकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. मला लाज वाटली हो. स्वतःच्या नवऱ्याची लाज वाटली, ती आज ह्या माइकवर कबूल करते. फळ्यापुढं अडकलेल्या पोराचं वाक्य पुरं करायची छत्तीस वर्षांची खोड. मी उठले आणि म्हणाले, “आमचं काही म्हणणं नाही, साहेब.”

टाळ्या पडल्या! इतिवृत्तात नोंद झाली, ‘रुग्णांचे काही म्हणणे नाही.’ नक्कल मागवून मी वाचलीय. अक्षर सुरेख आहे. साहेब, तुम्हाला नेमकं तेवढंच वाक्य पाहिजे होतं आणि ते मी तुम्हाला आयतं दिलं. आपण दोघांनी मिळून आठ माणसांची तोंडं बंद केली.

घरी जाताना रिक्षात हे बाहेर बघत बसले. पाचव्या दिवशी जेवताना भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “तू... बी?”

काय बोलायचं होतं तुम्हाला, म्हणून मी पाया पडून विचारलं. मान हलवली. “हितं न्हाय,” म्हणाले. “तितं,” आणि हात ह्या सभागृहाच्या दिशेला केला. तेव्हापासून रोज सकाळी दार लावून आत काहीतरी घोकतात. मी दाराला कान लावलेला नाही. ते काय बोलणार, मला माहीत नाही. खोली परत मागतील, मॅडमना आशीर्वाद देतील, नाहीतर तुम्हाआम्हाला शिव्या घालतील. मी अंदाज केला तर पुन्हा तीच चोरी होईल.

मॅडम, तुम्हाला शाल मिळाली, नारळ मिळाला. येत्या मंगळवारी ज्ञानूनं कुणापुढं उभं राहायचं, ते मात्र ह्या कार्यक्रमपत्रिकेत कुठं छापलेलं दिसत नाही. तुम्ही आमच्यासाठी थांबलात, एवढंच मी तुमच्याबद्दल म्हणते. आम्हाला इतकं थांबणारं माणूस दुसरं भेटलं नाही.

संस्थेनं मला माइक दिला, तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलण्याच्या भरात तोल गेला असेल तर म्हाताऱ्या मास्तरणीचं म्हणून पोटात घाला. फेब्रुवारीतल्या त्या वाक्याची माफी मात्र मी तुमच्याकडं मागत नाही. ती ज्यांची मागायची ते समोर बसलेत, आणि द्यायची की नाही हे त्यांना लागेल तेवढ्या वेळात तेच सांगतील.

इतिवृत्त लिहिणाऱ्या क्लार्कसाहेबांनी तेवढी वही उघडावी. पर्समध्ये दोन लवंगा आणल्यात. ही एक, अध्यक्षसाहेब, तुमची. धरा दाताखाली. ही दुसरी माझी.

अहो, या वर. सावकाश या. माइक मी धरते.